बंदीच्या आठवड्यातला बुधवार

२७ एप्रिल

रॉइस,

तुझा टेक्सासचा पत्ता नेडानं डॅडींना कळवला आणि डॅडींनी तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला. नवऱ्याचा पत्ता बायकोनं सासऱ्याला दिला, सासऱ्यानं फ्रिजला दिला, म्हणजे मलाही दिला असं मी धरतो. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान आपणहून दारात येऊन पडतं.

आधी कामाचं. तुझी बोट ताडपत्रीखाली आहे. बॅटऱ्या दर दुसऱ्या रविवारी चर्चहून आल्यावर चार्ज करतो. मासे ठेवायच्या टाकीत तळाला पाणी राहिलं होतं, ते स्पंजनं टिपून काढलं. तुझ्या पेटीतले गळाला लावायचे रबरी बेडूक एकेक दाबून पाहिले. सात जणांच्या पोटात गेल्या ऑक्टोबरचं पाणी होतं. ते पिळून काढलं आणि त्यांना उलटं टांगून वाळवलं. दोघांचे गळ गंजले होते, तेवढे टाकून दिले. एकवीस शिल्लक आहेत. काळे नऊ, पांढरे पाच, बाकीचे हिरवट.

पाणगवत अजून तळाशी आहे. ऑगस्टपर्यंत वर येऊन त्याची गादी होईल. तोवर बेडकांना काम नाही.

आता जे लिहायला बसलो ते. गेल्या ऑक्टोबरात आपण क्लबची मासे धरायची स्पर्धा जिंकलो आणि दीड तासात हरलो, ते माझ्यामुळे. जिंकलेल्या जोडीतल्या एकाला लाय डिटेक्टरवर बसवतात. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. चर्चच्या त्या मागच्या खोलीत, मुलांनी रंगवलेल्या नोहाच्या नावेच्या चित्राखाली, छातीला पट्टा आणि बोटांना क्लिपा लावून मी बसलो आणि पास झालो नाही. मी तुला तेव्हाच सांगितलं की मला धडधडत होतं. दाताच्या डॉक्टरकडेही माझं असंच होतं, तुला माहीत आहे.

तू जाताना म्हणालास, "खरंच तर बोलायचं होतं, लेलंड. नुसतं खरं. तेवढंही तुला जमलं नाही." ते मी रोज आठवतो. माफ कर.

क्लबच्या फळ्यावर नोटीस अजून आहे. "रॉइस आणि लेलंड स्टॉव्हॉल, अपात्र." कारण दिलेलं नाही, म्हणून जो तो आपलं कारण त्यात वाचतो. बहुतेकांचं कारण एकच आहे, की वजन वाढवायला आपण माशांच्या पोटात शिसं भरलं. नोटिशीत आपल्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं. ते मी पेनानं खोडलं.

लेलंड

१५ जून

रॉइस,

तुझं पत्र गुरुवारी आलं. टायरच्या दुकानाच्या पावतीमागे लिहिलं आहेस, तरी पत्र ते पत्र. डॅडींनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं."

म्हणजे क्लबच्या नियमात अपील आहे, हे मला माहीत नव्हतं. तू अध्यक्षांना, मिस्टर हॅस्केलना, फोन केलास आणि दोघा भावांनी पुन्हा यंत्रावर बसायची तयारी दाखवली तर ते परीक्षा घ्यायला राजी आहेत. १३ सप्टेंबर, शनिवार. तू रात्रभर गाडी चालवून येणार. "ज्यांनी माझ्या ट्रकच्या अँटेनाला शिशाच्या गोळ्यांची माळ बांधली, त्यांना मला त्याच पेट्रोलपंपावर कॉफी पाजायची आहे," असं लिहिलं आहेस. "तू फक्त श्वास घे. बाकी मी बघतो."

मी श्वास घेईन.

एक विनंती. तिथल्या लोकांना तू ती गोष्ट सांगत असतोस असं लिहिलं आहेस. जन्मभर तुझ्या मागे बसलेला भाऊ एका सकाळी बोटीत उभा राहिला आणि म्हणाला, तिकडे जाऊ या, मला वाटतंय. आणि तिकडेच पाचही मासे मिळाले. ती गोष्ट फार सांगू नकोस. लोकांना कंटाळा येत असेल.

तुझी जुनी गिऱ्हाइकं आता दुसऱ्या गाइडबरोबर जातात. तो मासा उसळताना दिसला की "मारा! मारा!" म्हणून ओरडतो, सगळे लगेच झटका देतात आणि बेडूक हवेत उडतात. परवा धक्क्यावरून मी पाहिलं. दोन तासांत अकरा उसळ्या, मासा एकही नाही.

लेलंड

३१ जुलै

रॉइस,

सराव चालू होता. रोज जेवणानंतर डॅडी मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवायचे. छातीला त्यांचा पट्टा, बोटांना कपडे वाळत घालायचे चिमटे. चिमट्यांची गरज नाही असं मी म्हणालो. ते म्हणाले, "गरज यंत्रालाही नसते. तुला घाबरवायला असतात ते."

प्रश्न मी आठवून कागदावर लिहून दिले आहेत. तेच विचारतील असं नाही, पण तसलेच असतात.

"नाव?"

"लेलंड स्टॉव्हॉल."

"खोटं. तुझ्या आईनं पाळण्यात वेगळं ठेवलं होतं, मी बदललं."

"डॅडी, असं नका ना करू."

"बघ, लगेच उडी मारलीस. ते लोकही चेष्टा करतील. माशाच्या पोटात काही घातलंस?"

"नाही."

"आदल्या दिवशी पिंजऱ्यात मासे धरून ठेवले होते?"

"नाही."

"बंदीच्या आठवड्यात, म्हणजे स्पर्धेआधीच्या सोमवार ते शुक्रवार, तलावाबद्दल तुला कुणी काही सांगितलं? आणि सांगितलं असेल तर क्लबला कळवलंस?"

"नाही. म्हणजे कुणी काही सांगितलं नाही."

डॅडींनी चष्मा काढला. मग पुन्हा घातला. पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांनी माझ्या बोटांचे चिमटे एकेक काढून डब्यात टाकले आणि म्हणाले, "हॅस्केलनं उगाच एवढं यंत्र आणलं. तुझे कान पुरे होते." मग उठून त्यांनी भांडी घासायला घेतली. भांडी घासायची पाळी माझी होती.

उकाड्यानं कान लाल होतात. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो, जुलै आहे."

तेव्हापासून सराव बंद आहे. ते म्हणतात, आता जे काय ते तुझं तू बघ.

लेलंड

१९ ऑगस्ट

रॉइस,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीच्या तिन्हींत मी हवामानापासून सुरुवात केली होती.

मला धडधडत होतं म्हणून मी नापास झालो नाही. मी खोटं बोललो म्हणून नापास झालो. यंत्र बरोबर होतं.

गेल्या वर्षी बंदीच्या आठवड्यातला बुधवार. १६ ऑक्टोबर. मी तलावाकाठी मिस ओपलच्या धक्क्याच्या कुजलेल्या फळ्या बदलत होतो, अकरा फळ्या. ते काम सप्टेंबरपासून ठरलं होतं आणि नियमात धक्का दुरुस्त करायला मनाई नाही, हे मी आधी वाचून घेतलं होतं. मिस ओपल बर्फाचा गोड चहा घेऊन आल्या आणि तिथंच खुर्ची टाकून बसल्या. त्यांना बोलायला कुणी नसतं. पायांबद्दल बोलल्या, नव्या पाद्रीबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "लेलंड, पाण्यात साप झालेत का रे? रोज सकाळी दहाला या गवताखाली तडतडतं बघ, कुणी लाह्या भाजायला घेतल्यासारखं. अकराला बंद. मला बाई भीती वाटते."

लाह्या म्हणजे काय ते तू लगेच ओळखलं असतंस. मीही ओळखलं. चपटे लहान मासे गवताच्या गादीच्या खालच्या बाजूचे किडे ओढून खातात तेव्हा तसा आवाज येतो. आणि ते जिथं रोज ठरल्या वेळी जेवतात, तिथं त्यांच्याखाली मोठे बास मासे उभे असतात.

मी म्हणायला हवं होतं, मिस ओपल, थांबा, मला हे ऐकता येत नाही. आणि मिस्टर हॅस्केलना फोन करायला हवा होता. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. ती जागा मग आपल्या बोटीला बंद झाली असती, एवढंच. तसं पाच-सहा लोकांनी त्याच आठवड्यात कळवलं होतं. कुणाला काही झालं नाही. मी खिळे मोजले आणि काम संपवलं.

शनिवारी नऊ वाजले तरी आपल्याकडे मासा नव्हता. तू म्हणालास, "आता कुठं?" तू हे मला विचारत नव्हतास. तू असंच तलावाला विचारतोस. आणि मी उभा राहिलो.

"मिस ओपलच्या मागच्या बाजूला जाऊ या."

"का?"

"मला वाटतंय."

तू बोटीच्या मोटारीच्या पेडलवरचा पाय काढलास आणि माझ्याकडे वळून पाहिलंस. "तुला? वाटतंय? लेलंड, तू चपलेची जोडी घ्यायलाही तीन दुकानं फिरतोस."

"मग नको."

"नको कसं? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलंय. चल!"

पुढचं तुला आठवतंच. बेडूक गादीवरून सरकत होता, पाणी फुटलं आणि मी लगेच झटका दिला. बेडूक उडून तुझ्या टोपीत रुतला. तू टोपी न काढता म्हणालास, "मासा तोंड उघडतो तेव्हा तू हात बंद ठेव. त्याला घास घेऊ दे. तू पाहुणा आहेस." दुसऱ्या उसळीला मी थांबलो. दोरा सरकला, जड झाला, तेव्हा ओढलं. सात पौंडांची मादी. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती बोटीत आली आणि तू इतका हसलास की खाली बसलास.

वजनाच्या वेळी मिस्टर हॅस्केलनी तुझ्यासमोर माइक धरला. तू म्हणालास, "बावीस पौंड सहा औंस, आणि यातला एकही औंस माझा नाही. ही जागा या पोरानं काढली. माझ्या मागे बसून बसून याला पाण्याची भाषा कळायला लागली." तुझा हात माझ्या मानेवर होता. मग चिठ्ठी निघाली.

त्या माणसानं यंत्रावर विचारलं, बंदीच्या आठवड्यात तुम्हाला तलावाबद्दल कुणी काही सांगितलं का. मी हो म्हणालो असतो तरी आपण अपात्रच होतो. पण शिशाचं नाव निघालं नसतं. ट्रकला माळ बांधली गेली नसती. तू गाइड राहिला असतास आणि टायर बदलत बसला नसतास. मला हे त्या खुर्चीत बसल्याबसल्या सगळं दिसत होतं. तरी मी नाही म्हणालो, कारण दाराबाहेर तू लोकांना, जागा मी काढली, तेच सांगत होतास आणि दार पातळ होतं. मला आवाज येत होता.

नंतर तू विचारलंस आणि मी म्हणालो, धडधडलं. मग खरं सांगायला दहा महिने लागले.

तू १३ तारखेला येऊ नकोस. परीक्षा होणार नाही. हे पत्र तुला पोचेल इतके दिवस थांबून मी मिस्टर हॅस्केलकडे जाणार आहे. तुझ्याआधी त्यांना सांगणं मला बरोबर वाटलं नाही.

लेलंड

वर एक गोष्ट लिहिली नाही. लाह्यांचं ऐकून मी नुसता गप्प बसलो नाही. मी हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, "कोणत्या बाजूला, मिस ओपल?" त्यांनी खुर्चीतून उठून बोटानं दाखवलं.

७ सप्टेंबर

रॉइस,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहतो असं नाही. टपाल अकराला येतं एवढंच मला माहीत आहे.

मंगळवारी मिस्टर हॅस्केलकडे गेलो. सगळं लिहून नेलं होतं, दोन पानं, तारखांसह. ते गॅरेजमध्ये होते. त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि पुन्हा वाचलं.

"म्हणजे शिसं नव्हतं?"

"नव्हतं, सर."

"एकाही माशात नाही?"

"नाही, सर. ते मासे मिस ओपलच्या मागे खरोखरच होते. मी फक्त तिथं जायला नको होतं."

"आणि रॉइसला?"

"त्याला वाटलं, मला वाटलं."

त्यांनी टोपी काढली. "पोरा, मी शिशाचं चार ठिकाणी बोललोय. न्हाव्याकडे बोललो. मेव्हण्याच्या लग्नात बोललो." टोपी परत घालून म्हणाले, "परीक्षेची फी भरलेली आहे, आता ती परत मिळायची नाही." मग म्हणाले, "ते काही नाही. विसर."

शुक्रवारी नवी नोटीस लागली. सोबतच्या कागदावर ती अक्षर न् अक्षर उतरवली आहे. थोडक्यात असं, की गेल्या वर्षीची जोडी बंदीच्या नियमामुळे अपात्र ठरली. नियम लेलंडनं मोडला, रॉइसला ते माहीत नव्हतं. माशांत कसलाही गैरप्रकार नव्हता, आणि अध्यक्ष स्वतः जे बोलले ते मागे घेतात. मला पाच वर्षं क्लबच्या स्पर्धेत उतरता येणार नाही. तुला उतरता येईल. शब्दलेखन बरोबर आहे, मी पाहिलं.

पेट्रोलपंपावर दोघं-तिघं नोटिशीबद्दल बोलत होते. मी आत गेलो. पैसे घेताना तो माळवाला मला म्हणाला, "तुझ्या भावाचा फोन नंबर आहे का?" मी म्हणालो, "तो माझा उचलत नाही, तुझा कदाचित उचलेल."

मिस ओपलनी मला बोलावून घेतलं. त्यांना कुणीतरी नोटीस वाचून दाखवली होती. "माझ्यामुळे का रे हे सगळं?"

"नाही, मिस ओपल. माझ्यामुळे."

"मग मी आता सोमवार ते शुक्रवार बोलायचंच नाही का कुणाशी?"

"ऑक्टोबरातला एकच आठवडा असतो."

"तेवढं जमेल," त्या म्हणाल्या. "पण कसंबसं."

गवत वर आलं आहे. रविवारी दुपारी मी डॅडींची पत्र्याची होडी घेऊन एकटा जातो. मिस ओपलच्या बाजूला जात नाही. तीन रविवार झाले. उसळ्या चार, मासा एकही नाही. मागे बसायची इतकी सवय आहे की पुढे बसलं की दिशा कळत नाही. बहुतेक वेळ मी होडी थांबवून नुसता ऐकतो.

लेलंड

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रॉइस,

तू दुपारी येऊन गेलास आणि आता मी तुला पत्र लिहीत आहे. तू इथून बारा मैलांवर मोटेलमध्ये आहेस. हे पत्र मी डॅडींच्या हाती देणार आहे. तोंडानं मला नीट सांगता येत नाही.

बोटीचा ट्रेलर जोडताना तू डॅडींशी बोललास, माझ्याशी नाही. शनिवारच्या स्पर्धेत तू तुझ्या जुन्या गिऱ्हाइकाबरोबर उतरला आहेस, हे तू डॅडींना सांगताना मला ऐकू आलं. मला बरं वाटलं. बॅटऱ्या तू तपासल्यास. भरलेल्या होत्या. बेडकांची पेटी उघडून पाहिलीस आणि म्हणालास, "हे कुणी वाळत घातले होते?" आणि डॅडी म्हणाले, "माझ्याकडे बघतोस काय, मला एवढा वेळ आहे होय?"

मग तू ट्रकच्या दारापाशी उभा राहून, माझ्याकडे न बघता म्हणालास, "टायरच्या दुकानात मी अजून सांगितलेलं नाही. तिथं तुला अजून वाटतंच."

मी म्हणालो, "सांग." तू म्हणालास, "बघू."

आणि मग, चावी फिरवता फिरवता, तू सवयीनं विचारलंस, "गवत कसं आहे यंदा?"

मी म्हणालो, "आज मंगळवार आहे."

तू चावी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिलास. डॅडी पडवीत खुर्चीवर हलायचे थांबले. मग तू "हं" म्हणालास, गाडी सुरू केलीस आणि गेलास. त्या "हं"चा अर्थ मला कळला नाही. डॅडींना विचारलं. ते म्हणाले, "त्याच्या आजोबांचा होता तो. अर्थ कुणालाच नाही कळायचा."

तू रागावला असशील तर मला माफ कर. मी तुला टाळत नव्हतो, तुझ्याशी बोलायचं नव्हतं असंही नव्हतं. गेल्या रविवारी, म्हणजे बंदीच्या आदल्या दिवशी, मी होडी घेऊन गेलो होतो, सकाळी सहा ते दुपारी चार. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याहून जास्त मी लिहीत नाही. हे पत्र मी तीनदा वाचून पाहिलं. शनिवारी तुझ्या कामाला येईल असं यात काही नाही. असं वाटलं तर मिस्टर हॅस्केलना दाखव.

शनिवारी माशांचं वजन तीनला आहे. ते झालं की विचार, रॉइस, जे विचारायचं ते. मी घरीच आहे.

लेलंड